जतन म्हणजे जीर्णोद्धार नव्हे

(जुन्या पिस्तुलांचे बदली भाग आणि चामड्याची निगा या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



खंडेनवमीला महाराष्ट्रातील कितीतरी घरांत भिंतीवरची तलवार खाली उतरते. चिंच किंवा लिंबू आणि विटेची पूड लावून पाते लखलखीत होईपर्यंत घासले जाते. म्यानाचे चामडे कोरडे वाटले तर त्यावर खोबरेल तेल चोळले जाते. मग हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची माळ. या कृतीमागील श्रद्धा निर्मळ आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या असे घासल्यावर पात्यावरचे कोरीव अक्षर पुसट होते, मुठीवरचा मुलामा उडतो आणि म्यान काळे पडून मऊ होते. ज्या पूर्वजाची आठवण जपावी म्हणून हे सारे केले, त्याच्या हातचा शेवटचा पुरावा त्याच्याच वंशजांनी आपल्या हातांनी पुसून टाकलेला असतो.

भक्तीने केलेली ही हानी कशी टाळावी? या प्रश्नावर एका अनपेक्षित वर्गाने पुष्कळ विचार केला आहे. तो वर्ग म्हणजे युरोप-अमेरिकेतील जुन्या पिस्तुलांचे संग्राहक. त्यांच्यापुढे रोज दोन प्रश्न उभे असतात. तुटलेल्या भागाच्या जागी नवा बनवलेला भाग बसवावा काय? आणि शंभर वर्षांचे चामडे कसे टिकवावे? त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी आहेत, कारण ती त्यांना बरेच गमावल्यानंतर सापडली.

एका पिस्तुलाची जन्मपत्रिका

उदाहरणादाखल एकच पिस्तूल घेऊ. ह्यूगो बोर्शार्ट यांनी १८९३ साली सिद्ध केलेल्या स्वयंचलित पिस्तुलात सुधारणा करून गेऑर्ग लूगर यांनी एक नवे पिस्तूल तयार केले. स्वित्झर्लंडने ते १९०० साली, जर्मन नौदलाने १९०४ साली आणि जर्मन भूदलाने १९०८ साली स्वीकारले. त्या शेवटच्या वर्षावरून त्याला ‘पी-०८’ हे नाव पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बर्लिनच्या डीडब्ल्यूएम या कारखान्यात आणि एरफुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेत तयार होत असे.

या पिस्तुलाचे वैशिष्ट्य असे की ते आपली जन्मपत्रिका अंगावर बाळगते. सांगाड्यावर आणि नळीवर संपूर्ण अनुक्रमांक असतो. चाप, सुरक्षा-कळ, बाजूची पट्टी, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याचे दुवे अशा बारीकसारीक भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात. त्या काळी प्रत्येक भाग हाताने घासून नेमका जुळवावा लागे. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात मिसळू नये म्हणून ही व्यवस्था होती. काडतुसांच्या मॅगझिनच्या लाकडी बुडावरही क्रमांक असे आणि जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर अधिकचे चिन्ह असे.

कारागिराच्या सोयीसाठी केलेली ही नोंद शंभर वर्षांनी इतिहासाचे साधन ठरली. सर्व अंक जुळत असतील तर ते पिस्तूल कारखान्यातून जसे बाहेर पडले तसेच आज समोर आहे, असे मानण्यास सबळ आधार मिळतो. काही पिस्तुलांवर १९१६ किंवा १९१७ अशा निर्मितीवर्षाबरोबर १९२० हा दुसरा आकडाही आढळतो. युद्धातील पराभवानंतर जर्मनीत लष्करी शस्त्रे सरकारजमा करण्याचा कायदा झाला, तेव्हा सरकारी मालकीची खूण म्हणून तो ठोकला गेला. एका पराभूत राष्ट्राची कथा अशा चार अंकांत सामावलेली आहे. ‘दोन-दोन वर्षे कशाला’ म्हणून एखाद्याने त्यातील एक आकडा घासून काढला, तर तो इतिहासाचे पान फाडतो.

सेवक की तोतया?

आता बदली भागांचा प्रश्न. स्प्रिंगा थकतात, फायरिंग पिन मोडते, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीला तडा जातो, मॅगझिनचे लाकडी बूड फुटते. हे भाग आज नव्याने बनवून विकले जातात. ते वाईट आहेत काय? मुळीच नाही. परदेशात, जेथे कायद्याने अनुमती आहे तेथे, काही संग्राहक अशी पिस्तुले नेमबाजीच्या मैदानावर चालवतातही. त्यांतील सुजाण संग्राहक मूळ स्प्रिंग आणि मूळ पिन काढून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून वेगळी ठेवतो आणि झिजण्याचे काम नव्या भागाला देतो. नवा भाग येथे मूळ भागाचा सेवक आहे. तो झिजतो, म्हणून मूळ भाग वाचतो. काम झाले की तो बाजूला होतो आणि मूळ भाग आपल्या जागी परत येतो.

परंतु त्याच नव्या भागावर कोणी जुना क्रमांक ठोकला, रसायनाने त्याला जुनेपणाचा रंग दिला आणि ‘सर्व अंक जुळणारे’ म्हणून पिस्तूल चढ्या किमतीला विकले, तर तो सेवक तोतया होतो. पानिपतानंतर उद्भवलेला भाऊसाहेबांचा तोतया मराठी माणसाला चांगला ठाऊक आहे. एखाद्याचा चेहरा दुसऱ्यासारखा असणे हा अपराध नव्हे. ‘तो मीच’ हा दावा हा अपराध होय. बदली भागाचेही तसेच आहे. त्याचे साम्य निरुपद्रवी आहे, त्याचा दावा घातक आहे.

अशा तोतयेगिरीला अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील रिव्हॉल्व्हरांच्या क्षेत्रात मोठेच निमित्त मिळाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतील गार्दोने वाल त्रोंपिया या शस्त्रकारांच्या नगरात कोल्टच्या १८५१ सालच्या नौदल रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनू लागल्या. निर्मात्यांनी त्या उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या आणि त्यांवर तेथील सरकारी चाचणीगृहाचे ठसेही आहेत. पुढे काही लबाडांनी ते ठसे घासून, पोलाद गंजवून, त्या ‘अस्सल’ म्हणून खपवल्या. दोष प्रतिकृतीचा नव्हता. ठसा पुसणाऱ्या हाताचा होता.

पारख कशी करावी, याचेही शास्त्र आहे. पोलादावर अंक ठोकला की धातू कडेने किंचित वर येतो. पुढे कोणी पृष्ठभाग घासून चकाकी आणली, तर ती कड सपाट होते, स्क्रूच्या छिद्रांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि धारदार कोपरे गोल होतात. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या पी-०८ वरील निळसर काळी झिलई मंद पद्धतीची असे. पोलादावर हलका गंज मुद्दाम चढवायचा, उकळत्या पाण्याने त्याचे काळे आवरण करायचे, ते घासायचे आणि पुनःपुन्हा तेच करायचे. चापासारख्या काही लहान भागांना तापवून गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग आणलेला असे. आजची क्षारांच्या गरम द्रावणातील झिलई अधिक काळी आणि अधिक चकचकीत दिसते. सरावलेला डोळा क्षणात सांगतो की हे वार्धक्य नव्हे, हा रंगवलेला चेहरा आहे.

म्हणून जाणत्या संग्राहकांनी तीन साधे नियम स्वीकारले आहेत. काढलेला मूळ भाग, तुटका असला तरी, फेकायचा नाही. बसवलेला नवा भाग पुढे सहज काढता आला पाहिजे. आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद त्या वस्तूबरोबरच राहिली पाहिजे. विकताना ती नोंद ग्राहकाच्या हाती देणे हा या क्षेत्रातील सचोटीचा कस आहे.

चामड्याचे आयुष्य

पोलाद सोसते, चामडे सोसत नाही. पी-०८ चे होल्स्टर, म्हणजे चामडी म्यान, ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे. पहिल्या महायुद्धातील पुष्कळशी होल्स्टरे तपकिरी चामड्याची आहेत. पुढच्या कडेला जादा मॅगझिनसाठी खण, झाकणाच्या आत पिस्तूल उघडण्याच्या छोट्या हत्यारासाठी खिसा, आणि अनेकांवर बनवणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष यांचा ठसा. पिस्तूल अस्सल आणि होल्स्टर नकली, असेही बाजारात वारंवार घडते.

हे चामडे वनस्पतींच्या सालीतील व फळांतील तुरट द्रव्याने, म्हणजे टॅनिनने, कमावलेले असे. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांचा याच कामी उपयोग होत आला आहे. भारतातील हिरडा कातडे कमावण्यासाठी युरोपातही जात असे. क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची व्यापारी पद्धत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांच्या पेटंटानंतर पुढे आली. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड अनेकदा निळसर करडी दिसते, तर वनस्पतिजन्य चामड्याची आतपर्यंत तपकिरी. जुन्या शिवणीत सुती किंवा तागासारखा नैसर्गिक दोरा असतो. नकली होल्स्टरात कधी नायलॉनचा दोरा निघतो आणि अतिनील दिव्याखाली तो पांढराशुभ्र चमकून आपले वय सांगतो.

वनस्पतिजन्य चामड्याचा मोठा शत्रू म्हणजे आम्ल. कोळशाच्या धुरातील व शहरी हवेतील गंधकाचा वायू चामडे शोषून घेते आणि आत गंधकाम्ल तयार होते. तंतू तुटतात, पृष्ठभाग विटेच्या भुकटीसारखा लाल होऊन बोटाला लागतो. इंग्रजीत याला ‘रेड रॉट’ म्हणतात, आपण ‘तांबडी कूज’ म्हणू. ग्रंथांच्या चामडी बांधणीचा असा नाश का होतो, याचा शोध घेण्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली समिती नेमली आणि १९०५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तांबडी कूज एकदा लागली की ती उलटवता येत नाही, ती फक्त रोखता येते. अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या एका विशिष्ट सेल्युलोजचा पातळ हात देऊन भुकटी होणारा पृष्ठभाग बांधून धरतात. पण ते काम जाणकाराचे आहे.

तेलाचा मोह

येथे सर्वांत मोठी चूक होते. चामडे कोरडे दिसले की हात तेलाच्या बाटलीकडे जातो. युरोपात जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल, आपल्याकडे खोबरेल, तर कोठे जवसाचे तेल. रोज वापरल्या जाणाऱ्या घोड्याच्या खोगिराला तेल हवे असते, कारण ते वाकते, भिजते, घामेजते. संग्रहातील होल्स्टर वाकत नाही आणि भिजतही नाही. त्याला दिलेले तेल रंग काळवंडते, धूळ धरते, शिवण सैल करते आणि पावसाळ्यात बुरशीला खाद्य पुरवते. जवसाचे तेल तर सुकून कडक होते. एकदा मुरलेले तेल पुन्हा पूर्णपणे काढता येत नाही.

ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे लॅनोलिन, देवदार-वर्गातील तेल आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण अनेक दशके जगभर वापरले गेले. चामडे गडद व चिकट होते असे आढळल्यावर संग्रहालयांनी त्याचा सरसकट वापर थांबवला. मोठ्या संस्थाही चुकतात. चूक ध्यानात आल्यावर त्या थांबतात, हे त्यांचे मोठेपण. आज तज्ज्ञांचा सल्ला थोडक्यात असा की मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आकार सावरावा, हवेतील दमटपणा सांभाळावा, आणि त्यापुढे हात आखडता घ्यावा.

चामड्यावर पांढरा थर दिसला तर तो बुरशीचाच असेल असे नाही. चामड्यातील जुनी चरबी थंडीत पृष्ठभागावर येऊन पांढरी दिसते. बोटाच्या उबेने ती विरघळते. बुरशी विरघळत नाही, ती तंतुमय असते आणि तिला कुबट वास येतो. पितळी किंवा तांब्याच्या बटणाभोवती हिरवा मेणचट कळंक जमतो. तो धातू आणि चामड्यातील चरबी यांच्या संयोगाने होतो. तो टोकदार लोखंडाने खरवडू नये. बांबूच्या काडीने अलगद काढावा.

म्यानातले शस्त्र

सर्वसामान्य समजूत अशी की शस्त्राची सुरक्षित जागा म्हणजे म्यान. रणांगणावर ते खरे होते. कपाटात ते खोटे आहे. चामडे हवेतील ओलावा धरून ठेवते. त्यातील आम्ल आणि क्षार पोलादाला भिडतात आणि जेथे जेथे स्पर्श तेथे तेथे गंजाचे खड्डे पडतात. उलट लोखंडाचा अंश टॅनिनशी संयोग पावून चामड्यावर निळेकाळे डाग उमटवतो. हिरडा आणि लोह यांच्या संयोगाने पूर्वी काळी शाई बनवीत. येथे तीच शाई नको तेथे उमटते. दोघांनी एकमेकांचे रक्षण करावे म्हणून त्यांना एकत्र ठेवले, आणि दोघांनी एकमेकांना खाल्ले.

म्हणून जाणता संग्राहक पिस्तूल वेगळे आणि होल्स्टर वेगळे ठेवतो. होल्स्टरचा आकार बसू नये म्हणून आत आम्लरहित कागद किंवा धुतलेल्या मांजरपाटाची गुंडाळी भरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बांधून ठेवत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर ठेवावी, असा संकेत आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात ती सहज ८० टक्क्यांवर जाते. अशा ठिकाणी बंद कपाटात सिलिका जेल ठेवणे आणि ते वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडे करणे हा साधा उपाय आहे. पावसाळा सरल्यावर वस्तू उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्याला ठेवावी. पोलादाला ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात सिद्ध झालेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अतिपातळ हात पुरतो. आणि शस्त्राला हात लावताना सुती किंवा नायट्राइलचे मोजे वापरावेत, कारण हाताच्या घामातील मीठ पोलादावर बोटांचे ठसे कायमचे कोरते.

कायद्याची मर्यादा

येथे एक स्पष्ट इशारा आवश्यक आहे. पिस्तूल जुने आहे म्हणजे ते परवान्यातून मुक्त आहे, हा भ्रम आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे. पण दुरुस्ती करूनही ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, अशी त्याची स्थिती असली तरच. त्याच अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही अंतर्भूत आहेत. त्यामुळे परदेशातून सुटे भाग मागवणे हा छंद म्हणून सहज करण्याचा व्यवहार नव्हे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, त्या व्याख्येत बसणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात आजोबांच्या काळचे पिस्तूल किंवा बंदूक निघाली तर ती स्वतः उघडू नये, रिकामी आहे असे गृहीत धरू नये आणि लपवूही नये. पोलीस ठाण्यात कळवून अधिकृत जाणकाराकडून तपासून घ्यावी. शस्त्राचा सन्मान आणि कायद्याचा सन्मान या वेगळ्या गोष्टी नाहीत.

जतन आणि जीर्णोद्धार

आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. मंदिराचा कळस ढासळला तर नवा चढवतात. ते योग्यच आहे, कारण मंदिरात उपासना चालू आहे. तेथील प्राण दगडात नसून उपासनेत आहे. दगड बदलला तरी देव तोच राहतो. परंतु जुने शस्त्र, जुनी सनद, जुने होल्स्टर यांचे आजचे कार्य उपासना किंवा युद्ध नसून साक्ष देणे हे आहे. साक्षीदाराच्या तोंडी नवे शब्द घातले, मग ते कितीही सुंदर असोत, तर ती साक्ष राहत नाही. त्याचा फाटका अंगरखा हाच त्याचा पुरावा असतो.

जो समाज आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगतो, त्याच्यावर पुराव्याच्या शुद्धतेची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक येते. एक रंगवलेली वस्तू उघडकीस आली की शेजारच्या दहा अस्सल वस्तूंवर संशयाची सावली पडते.

म्हणून येत्या खंडेनवमीला घरातील तलवार पाटावर स्वच्छ वस्त्र अंथरून त्यावर ठेवावी. हळदकुंकू पात्याला किंवा चामड्याला न लावता समोरच्या पाटावर वाहावे. ओली फुले वस्तूला टेकू देऊ नयेत. चिंच, लिंबू आणि विटेची पूड दूर ठेवावी. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपावी. पूजा झाल्यावर पाते म्यानाबाहेर, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्या शस्त्राविषयी जे जे आठवत असेल ते एका वहीत, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह, लिहून ठेवावे. जे माहीत नाही ते रचून लिहू नये. त्या जागी कोरी ओळ सोडावी. पुढच्या पिढीतील कोणाला तरी ती खरी माहितीने भरता येईल.